मोगरा पाकात उतरेना: गच्चीवरच्या कुंड्यांपासून पेल्यापर्यंतच्या नोंदी

२ मार्च

३ मे रोजी भावजींना साठ पूर्ण. जमायचं गच्चीवर, माणसं चौदा. पेयांचं माझ्याकडे, असं मी बोलून बसले. वर हेही सांगितलं की दारू, साखर, लिंबू, मीठ आणि सोडा सोडला तर पेल्यातलं बाकी सगळं कुंड्यांमधलं असेल. बोलायला काय जातं!

संध्याकाळी हातात वही घेऊन कुंड्यांमधून हिंडले. मोगऱ्याच्या चार कुंड्या, कळ्या अजून मोहरीएवढ्या. निळ्या गोकर्णाचा वेल. सुवासिक गुलाबाचं एक झाड. पुदिना, नको तितका. बेसिल दोन कुंड्या. गवती चहाचं बेट. रोजमेरी. झेंडू. लॅव्हेंडर, जिवंत आहे इतकंच. थंडीत लावलेले नॅस्टर्टियम आणि बोराज आता उन्हाने मान टाकायला लागलेत, म्हणजे त्यांचे प्रयोग आधी उरकायचे.

तीन पेयं करायची, त्यातलं एक बिनदारूचं. ताई दारू घेत नाही. दर वेळी तिच्या हातात साधं लिंबू सरबत द्यायचं आणि बाकीच्यांनी रंगीत पेले मिरवायचे, हे मला कधीच पटलेलं नाही. तिचं पेय सगळ्यात चांगलं झालं पाहिजे. मोगऱ्याचं करीन म्हणते.

चाखायला दोघंच आहेत. भावजींना काहीही द्या, ते "झकास" म्हणतात, त्यामुळे परीक्षक म्हणून त्यांचा उपयोग शून्य. ताईचं नाक मात्र तिखट. दारूच्या पेल्याचा ती घोट घेत नाही, नुसता वास घेते आणि दोन शब्दांत निकाल लावते.

३ मार्च

आधी पेल्यात काय जाणार नाही ते. कुंपणाच्या कडेला कण्हेर आहे, पिवळी बिट्टीही आहे. दोन्हींमध्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषं असतात, पान-फूल-चीक सगळ्यात. धोतरा, घाणेरी बाद. चाफ्याच्या चिकाने कातडी चुरचुरते, तोही बाद. शोभेचा स्वीट पी नाव आणि रूप दोन्ही वाटाण्यासारखं घेऊन बसलाय, पण तो खायचा नाही. "शेजारी सजावटीला ठेवू" हा विचारही नको. सजावटीला ठेवलेलं फूल रात्री दहानंतर कोणीतरी पेल्यात टाकतंच.

दारू चांगलं-वाईट बघत नाही. ती फुलातला वास जितक्या सहज ओढून घेते तितक्याच सहज विषही ओढून घेते. म्हणून नावाची शंभर टक्के खात्री नसलेलं काहीही भिजत घालायचं नाही.

रोपवाटिकेतून नुकतं आणलेलं, फुलांनी लगडलेलं झाडही चालत नाही. त्यावर शोभेच्या झाडांची औषधं मारलेली असतात, आणि काही औषधं झाडाच्या रसातच भिनतात, धुऊन जात नाहीत. गुलाब गेल्या वर्षी आणलेला आहे, माझ्याकडे आल्यापासून त्यावर साबणाच्या पाण्याखेरीज काही गेलेलं नाही. चालेल.

७ मार्च

बोराजची निळी चांदणी बर्फात. चव काकडीसारखी, जेमतेम. पहिल्या खेपेला साच्यात फूल टाकून वरून पाणी ओतलं. सगळी फुलं तरंगून वर आली आणि पाकळ्या बर्फाबाहेर गोठून काळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला अर्धा साचा गोठवला, त्यावर फूल पालथं ठेवून चमचाभर पाणी घातलं, पुन्हा गोठवलं, मग साचा भरला. जमलं. मागची केसाळ हिरवी दांडी चिमटून काढायची, नाहीतर ओठाला टोचते.

बर्फ पांढरा मात्र राहिलाच. पाणी दोनदा उकळूनही फारसा फरक नाही. साच्यात बर्फ सगळ्या बाजूंनी आत गोठत जातो आणि विरघळलेली हवा मध्ये कोंडते. मग जाड भिंतीचा थंडपेटीसारखा डबा, झाकण काढून, पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवला. आता थंडी फक्त वरून लागते, बर्फ वरून खाली वाढतो आणि हवा खाली ढकलली जाते. साधारण तीन चतुर्थांश गोठल्यावर बाहेर काढला. वरची लादी काचेसारखी! सुरीने तुकडे करताना अर्धा बर्फ जमिनीवर सांडला, तो भाग वेगळा.

नॅस्टर्टियम: चव मोहरीसारखी झणझणीत. पेल्यात नाकात जाते. सॅलडला ठीक.

११ मार्च

पुदिना. यात नवं काही नाही, पण माझी इतक्या वर्षांची सवय चुकीची निघाली. मी बत्त्याने पार लगदा करायचे. सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं, ते नुसत्या दाबानेही बाहेर येतं. पान फाटलं की आतला हिरवा कडवटपणा सुटतो. आज एकाच मापाचे दोन पेले केले, एकात लगदा, एकात आठ पानं तळहातांमध्ये टाळी वाजवल्यासारखी आपटून टाकलेली. ताईने दुसऱ्यावर बोट ठेवलं. पहिल्याबद्दल म्हणाली, "गवत कापल्यासारखं."

१६ मार्च

लॅव्हेंडर. हे माझं सर्वात महागडं अपयश, कारण झाडावर एकूण फुलंच इतकी होती. मोठा चमचाभर फुलं पावशेर पाकात रात्रभर. सकाळी बाटली उघडली तर न्हाणीघर. ताई म्हणाली, "साबणाची वडी विरघळली का गं?"

यातलं वासाचं द्रव्य, लिनालूल, बेसिलमध्येही असतं, मोगऱ्यातही असतं. दोष त्या द्रव्याचा नाही, प्रमाणाचा आणि वेळेचा आहे. उरलेली अर्धा लहान चमचा फुलं घेतली, पाक गॅसवरून उतरवल्यावर टाकली, घड्याळ लावून दहा मिनिटांत गाळली. छान झालं. पण आता झाडावर फूल नाही. लॅव्हेंडर यादीतून बाहेर.

२० मार्च

गोकर्ण. आज दिवसभर हेच.

फुलं सकाळी तोडली. मागचा हिरवा पुष्पकोश आणि देठ काढून टाकले, नुसत्या पाकळ्या ठेवल्या. शेंगा-बिया चुकूनही घ्यायच्या नाहीत, त्या रेचक आहेत. वीस ताजी फुलं २५० मिली जिनमध्ये. पाच मिनिटांत रंग सुटायला लागला, तासाभरात शाईची दौत. चव तपासली, जवळपास काहीच नाही, किंचित मातकट. दोन तासांनी मातकटपणा वाढला. म्हणजे एक तास पुरे.

आता गंमत. निळा रंग अँथोसायनिन गटातला आहे, आणि तो आंबटपणावर बदलतो. आठ वाट्या मांडल्या. साध्या पाण्यात निळा. सोड्यात निळाच, कारण त्यातला आंबटपणा सौम्य. लिंबाचे चार थेंब पडले की जांभळा, चमचाभर पडला की गुलाबीकडे झुकलेला. खायच्या सोड्याची चिमूट टाकली तर हिरवा. भावजी इतके रंगले की त्यांनी फोनवर चित्रफीत काढून सगळ्यांना पाठवली. गुपित गेलं.

टॉनिक वॉटरने मला फसवलं. ओतताक्षणी जांभळं झालं. बाटलीवर बारीक अक्षरात सायट्रिक ॲसिड लिहिलेलं आहे. रंग पाहुण्यांच्या हातात बदलायचा असेल तर टॉनिक नाही, सोडाच.

मग सुचलं की लिंबाच्या रसाचाच बर्फ करावा. तो वितळेल तसा पेला सावकाश निळ्याचा जांभळा होईल. केलं. दिसायला अप्रतिम, प्यायला भिकार. पहिले चार घोट नुसते गोडमिट्ट, शेवटचे दोन दात आंबवणारे. रद्द. लिंबाचा रस छोट्या कुपीत वेगळा द्यायचा, ज्याने त्याने ओतायचा आणि ढवळायचा. नाटकही होतं आणि तोलही राहतो.

२४ मार्च

खिडकीत ठेवलेली निळी जिनची बाटली चार दिवसांत फिकी पडली, करडी झाक आली. फडताळातली ठीक आहे, फ्रीजमधली सगळ्यात चांगली. उजेड हा या रंगाचा वैरी. समारंभाच्या आदल्या दिवशीच करायची.

गोकर्णाला चव नाही, म्हणून पाकाला चव हवी. गवती चहा कात्रीने कापून, देठ ठेचून एकास एक पाकात, झाकण ठेवून वीस मिनिटं. पहिल्या फटक्यात जमलं. यातलं वासाचं द्रव्य, सिट्रल, लिंबाच्या सालीतही असतं, त्यामुळे लिंबाशी याचं भांडण होत नाही. निळ्या पेयाचा प्रश्न मिटला.

२८ मार्च

मोगऱ्याची पहिली ओंजळ. पंचवीस फुलं, गरम पाक, झाकण, अर्धा तास.

उकडलेली पालेभाजी. शब्दशः. मोगरा कुठेच नाही. वास वाफेबरोबर वर गेला असणार, कारण स्वयंपाकघरात मात्र घमघमाट होता. फेकून दिलं.

१ एप्रिल

पाण्याला नाही जमलं तर दारूला जमेल, म्हणून पंचवीस फुलं २०० मिली व्होडकात. सहा तासांनी ढवळून पाहिलं, बरं होतं. तेव्हाच गाळायला हवं होतं. मी हावरटपणे चोवीस तास ठेवलं. आज उघडलं तर कपाटातल्या डांबरगोळ्या, आणि त्यामागे काहीतरी शिळं, जनावराच्या अंगासारखं.

हे इंडोल. मोगऱ्याच्या अस्सल वासात ते असतंच. अगदी कणभर असलं की फूल जिवंत वाटतं, जास्त झालं की नाक मुरडावं लागतं. ताईने बाटली हातभर लांब धरली. "हे मला पाजणार होतीस?" तिला पाजायचं नव्हतंच, त्यात व्होडका आहे, पण मुद्दा पोचला. बाटली टाकवेना. फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात ढकलून ठेवली.

५ एप्रिल

मोगऱ्यावरचा राग बेसिलवर.

हे मिश्रण माझं नाही. २००८ साली हॅम्बुर्गच्या 'ल लिऑन' बारमध्ये यॉर्ग मायर यांनी जिन, लिंबू, पाक आणि मूठभर बेसिल असा पेला बसवला आणि 'जिन बेसिल स्मॅश' नावाने तो जगभर गेला. साठ मिली जिन, बावीस मिली लिंबू, वीस मिली पाक, दहा-बारा पानं. त्यात शोधण्यासारखं काही उरलेलं नाही, फक्त तो हिरवा ठेवायचा आहे. माझा दहा मिनिटांत शेवाळी होत होता.

कापलेलं सफरचंद काळं पडतं त्यातलाच प्रकार. पान फाटलं की त्यातलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने रंग काळवंडवतं. मी पानं आधी पाकात ठेचत होते, म्हणजे त्या एन्झाइमला मोकळं रान देत होते. आज उलट केलं. पानं थेट जिनमध्ये, मिक्सरमध्ये, दहा सेकंद. चाळीस टक्क्यांच्या दारूत ते एन्झाइम निकामी होतं. लगेच लिंबू, पाक, बर्फ, मग हलवून दोनदा गाळलं, एकदा शेकरच्या गाळणीतून, एकदा चहाच्या बारीक गाळणीतून. हिरवागार. वीस मिनिटांनीही हिरवाच. मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले की पानांचा कडवटपणा मागे सरतो.

कुठल्या पानांचा हेही महत्त्वाचं निघालं. तुरा आलेल्या फांदीची पानं तिखट आणि दणकट लागली. सगळे तुरे आजच खुडले.

९ एप्रिल

मोगरा, तिसरा प्रयत्न. साखरेच्या थरांमध्ये फुलं दाबून दोन दिवस. साखरेने पाकळ्यांतलं पाणी ओढलं, त्याचा तपकिरी रस झाला. वास मोगऱ्याचा आहे, पण वाळलेल्या मोगऱ्याचा, सकाळी केसांतून काढलेल्या गजऱ्याचा. उकडलेल्या भाजीपेक्षा पुढे, पण हे नव्हे.

गुलाबही करून पाहिला. पहाटे तोडलेल्या फुलांच्या पाकळ्या, बुडाचा पांढरा कडू भाग कात्रीने उडवून, कोमट पाकात. मुख्य वासाचं द्रव्य, फिनाइल इथेनॉल, पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, त्यामुळे गुलाब आढेवेढे घेत नाही. लिंबू पडल्यावर फिका पाक एकदम गुलाबी झाला. सुरेख. पण एका झाडाला दिवसाला तीन फुलं, आणि चौदा माणसं. गुलाब नाही.

१३ एप्रिल

आज कुठे डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी मोगऱ्याकडून वास काढून घेत होते, पिळून, उकळून, दाबून. पण मोगऱ्याची कळी तोडल्यावरही जिवंत असते. ती संध्याकाळी उमलते आणि रात्रभर नवा वास तयार करत राहते. अत्तराच्या धंद्याला हे फार पूर्वीच कळलं होतं. गुलाब भट्टीवर चढवायचे, पण चमेलीच्या जातीची फुलं चरबी लावलेल्या काचेवर पसरून ठेवायचे, शिळी उचलून रोज ताजी मांडायचे. फूल स्वतःहून देईल तेवढं चरबी शोषून घ्यायची. चमेलीचा चहाही असाच होतो. रात्री चहाच्या पत्तीत कळ्या मिसळायच्या, सकाळी वेचून काढायच्या, पुन्हा नव्या.

म्हणजे मोगऱ्याला रात्र द्यायची. दोन प्रयोग लावले.

पहिला: पसरट भांड्यात घट्ट पाक, त्यावर न टेकता चाळणीत कळ्या, वर झाकण.

दुसरा: उकळून पूर्ण गार केलेलं २०० मिली पाणी, त्यावर चाळीस टपोऱ्या कळ्या नुसत्या तरंगत सोडलेल्या, वर झाकण. कळ्या दुपारी चारनंतर, उमलायच्या बेतात असताना तोडल्या. देठाचा हिरवा भाग काढला, झटकून किडे-मुंग्या पाहिल्या. भिजवून धुतल्या नाहीत. फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, तिथे कळी उमलतच नाही.

१४ एप्रिल

सकाळी सहाला उठून आधी झाकणं उघडली. चाळणीवाल्या पाकाला वास पुसट, आहे-नाही असा. पाण्याचं झाकण उचललं आणि मी तिथेच उभी राहिले. मोगरा! ओला, थंड, रात्री अंगणात असतो तसा.

फुलं लगेच काढली. थांबलं की कडा तपकिरी होतात आणि पाणी शिळं होतं. पाणी दिवसभर फ्रीजमध्ये ठेवलं, संध्याकाळी सामान्य तापमानाला आणून नव्या चाळीस कळ्या. दोन रात्री पुरतात का ते उद्या.

१५ एप्रिल

पुरतात. तिसऱ्या रात्रीची गरज नाही. पाण्याच्या वजनाइतकी साखर मिक्सरमध्ये बारीक करून बाटलीत, थंडच, हलवत राहायचं. पाच-सहा मिनिटांत विरघळली. गॅसजवळ न्यायचं नाही. उकळलेला नाही, म्हणून फ्रीजमध्ये आणि आठवड्याच्या आत संपवायचा.

ताईला चमच्यात दिला. ती काहीच बोलली नाही, चमचा परत पुढे केला.

१९ एप्रिल

खरी कटकट आता सुरू झाली. पाक उत्तम, पेय फुसकं. २० मिली पाक, २० मिली लिंबू, सोडा, बर्फ घातला की मोगरा गायब आणि उरतं लिंबू सरबत. तेच, जे मला तिच्या हातात द्यायचं नव्हतं.

दोन कारणं. लिंबाचा स्वतःचा वास मोगऱ्यापेक्षा दांडगा. आणि थंड पदार्थाला वास कमी, कारण गारठ्यात वासाची द्रव्यं उडत नाहीत. लिंबू १० मिलीवर आणलं, पाक २५, सोडा १२० आणि बर्फाचा एकच मोठा तुकडा. सुधारलं, पण नाकापर्यंत अजून पोचत नाही. भावजी: "झकास."

२३ एप्रिल

झेंडू. पेल्याच्या काठाला लावायला केशरी मीठ करायचं होतं. पाकळ्यांचं बूड कडू, ते कापून, सावलीत वाळवून, मिठाबरोबर कुटल्या. रंग छान, वास औषधी. पाकात रंग उतरलाच नाही, कारण झेंडूचा रंग मुख्यतः ल्युटीनचा, तो पाण्यात विरघळत नाही. गोकर्णाच्या नेमकं उलट. चिमूटभर मीठ हिरव्या पेल्यांच्या काठाला वापरीन, किंवा नाही वापरणार. परागकणांनी कोणाला शिंका आल्या तर नसती आफत.

२६ एप्रिल

न्यू ऑर्लिन्सच्या हेन्री रॅमोस यांचा १८८८ सालचा जिन फिझ आठवला. त्यात दूध किंवा साय, अंड्याचा पांढरा असं सगळं दणकट सामान, आणि नारिंगीच्या फुलांचं पाणी जेमतेम काही थेंब. तरी तो पेला त्या थेंबांमुळेच ओळखला जातो. मी मात्र वास पेयाच्या आत कोंबत बसले होते. वास वर हवा, नाक जिथे असतं तिथे.

आणि मग फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यातली डांबरगोळ्यांची बाटली आठवली.

व्होडका रिकाम्या, स्वच्छ फवाऱ्याच्या कुपीत भरली. मोगऱ्याच्या पाकाचा एक पेला जिन घालून केला आणि त्यावर वीतभर उंचीवरून एकच फुसकारा मारला. इंडोल इतकं विरळ झालं की त्याची घाण राहिली नाही, नुसती गडद, उमललेल्या फुलाची जाणीव उरली. पंचवीस दिवस मी ज्याला शिव्या दिल्या ते हेच होतं. दोन फुसकारे मारले तर परत डांबरगोळ्या. एकच.

ताईच्या पेल्यावर हे चालणार नाही, कितीही विरळ असलं तरी दारू ती दारू. तिच्यासाठी सोपं केलं. बांबूच्या काडीत त्याच संध्याकाळी उमललेली तीन फुलं ओवून पेल्याच्या तोंडावर आडवी ठेवली. पेला ओठाला लावला की नाक आधी फुलांत जातं आणि मग थंड गोड सोडा येतो. पेयात काही बदललं नव्हतं, पण आता चवीलाही मोगरा लागायला लागला.

ताई: "हे माझं?"

हो.

३० एप्रिल

हिशेब. दारू घेणारे दहा, न घेणारे चार.

निळं: ४५ मिली गोकर्णाची जिन, २० मिली गवती चहाचा पाक, ९० मिली सोडा, कुपीत २० मिली लिंबू. पंधरा पेल्यांना जिन ६७५ मिली, लिंबाचा रस ३०० मिली, म्हणजे पंधरा-सोळा रसदार लिंबं. जिन आणि पाक आधी एकत्र करून चालेल, लिंबू चुकूनही नाही.

हिरवं: आधी करून ठेवता येत नाही. मागेल त्याला, त्याच वेळी. मिक्सर गच्चीवर न्यावा लागणार, वायर पुरत नाही. जोडवायर शोधणे.

मोगऱ्याचं: बिनदारूचं मूळ, हवं त्याला ३० मिली जिन आणि फुसकारा. पाक अर्धा लिटर हवा. त्यासाठी सुमारे ३०० मिली मोगऱ्याचं पाणी आणि तेवढ्याच वजनाची साखर. म्हणजे दोन रात्रींत एकशेवीस कळ्या. चार कुंड्यांवर आज मोजल्या, तयार साठ-पासष्ट. आज आणि उद्या रात्री तरंगत सोडायच्या. उद्यासाठी देवाला सांगून ठेवलंय.

आणखी एक हिशेब, तो भिंतीवर चिकटवणार आहे. हिरव्या पेल्यात साठ मिली जिन आहे, चाळीस टक्क्यांनी २४ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात १९ ग्रॅम. दहा ग्रॅमचं एक माप धरलं तर एक पेला म्हणजे जवळपास दोन मापं. हलवताना बर्फाचं पाणी पाव हिस्सा मिसळतं म्हणून तो सौम्य लागतो, असतो नाही. निळ्यात सोडा आणि लिंबासकट साधारण दहा टक्के. गाडी चालवणाऱ्यांना फक्त ताईचं पेय.

३ मे

थोडक्यात, कारण पाय दुखतायत.

जोडवायर सापडली. पहिल्याच हिरव्या पेल्याला मिक्सरचं झाकण नीट बसलं नव्हतं. माझ्या साडीवर बेसिल. वाळल्यावरही हिरवंच राहिलं, म्हणजे पद्धत बरोबर आहे.

निळं पेय अर्ध्या तासात संपलं. सगळ्यांना चित्रफितीमुळे माहीत होतं, तरी कुपी ओतताना प्रत्येकाने "अरे!" म्हटलंच. एका पाहुण्याने कुपी आधी तोंडात रिकामी केली. वेगळी दिली की सांगावं लागतं.

बोराजच्या फुलांचा बर्फ फ्रीजरमधून आणायला विसरले. अजून तिथेच आहे.

मोगऱ्याचं पेय चौघांसाठी म्हणून धरलं होतं, मागणारे अकरा निघाले, बहुतेक बिनदारूचंच. पाक साडेनऊला संपला. ओवायची फुलं त्याआधीच संपली होती, तेव्हा भावजी बॅटरी घेऊन कुंड्यांमध्ये शिरले आणि उमलायला आलेल्या कळ्या तोडून आणू लागले. साठीचा माणूस, हातात पेला, गुडघ्यावर बसून कळ्या शोधतोय. ताई वरून ओरडली, "अहो, ती कण्हेर आहे, तिकडे जाऊ नका!"

कण्हेर नव्हती, मोगराच होता. पण भावजींनी आणलेली प्रत्येक कळी तिने दिव्याखाली धरून पाहिली, मगच माझ्याकडे दिली.

४ मे

फवाऱ्याच्या कुपीत दोन बोटं व्होडका उरलीय. गोकर्णाची जिन संपली. शेकरच्या गाळणीची स्प्रिंग वाकली, नवी आणायची. मोगऱ्याच्या चारही कुंड्यांवर एक कळी शिल्लक नाही. आज हलकी छाटणी केली, शेणखत घातलं, पाणी दिलं.

ताईचा सकाळी फोन. पुढची कळी कधी, विचारत होती.